पेन्सिलीने लिहिलेले तीनशे

चावीची खेळणीही दुरुस्त करणाऱ्या जोगेश्वरीच्या त्या घड्याळजीकडे आम्ही जुनी खेळणी जमवणारे भाव विचारायला जातो. इंटरनेटवरचे भाव तो मानत नाही. "ती मागितलेली किंमत रे, मिळालेली सांग!" असं म्हणत डोळ्यावरचं भिंग न काढताच तो आपली जाड वही उघडतो. विकणारा आणि घेणारा, दोघांनी एकच आकडा सांगितला तरच तो पेनाने लिहितो. एकट्याने सांगितलेला पेन्सिलीने.

मी त्याला एकदा खोटं सांगितलं होतं. चावीचं पत्र्याचं इंजिन तीन हजारांना घेतलं आणि तीनशे म्हणालो, म्हणजे पुढचं कुणी विकायला आणलं की मला स्वस्तात पडेल. दोन वर्षं ते मनात सलत होतं.

गेल्या रविवारी वेसाव्याची एक कोळीण तसंच इंजिन घेऊन आली. "नवऱ्याचा जीव होता याच्यावर. बघ ना, काय येतील?"

घड्याळजीने वही उघडून पेन्सिलीच्या तीनशेवर बोट ठेवलं. मी शेजारीच उभा होतो.

"तीनशे खोटं आहे," मी म्हणालो. "मी तीन हजार दिले होते."

त्याने मानही वर केली नाही. "दोन वर्षं लावलीस, यार." आणि खोडरबर माझ्याकडे सरकवलं.

मावशीने मला न्याहाळलं. "मेल्या, मग आता तूच घे तीन हजाराला!"

घेतलं. त्याने चावी दिली, इंजिन काउंटरभर धावलं. तिने आकडा सांगितला, मीही तोच सांगितला, आणि माझा आकडा त्याने पहिल्यांदाच पेनाने लिहिला.