परसूंची लढाई

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. गुलमंडीजवळ वडिलांचं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. एका दुपारी कुणा अंमलदाराच्या बंगल्यावरचा म्हातारा चपराशी टांग्यातून भलं मोठं चित्र घेऊन आला. चौकट वाळवीनं खाल्ली होती. चित्र बेल्जियमकडचं, दोनेकशे वर्षं जुनं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला दिसली ती नुसती लढाई. धूर, उधळलेले घोडे, आणि एका पांढऱ्या घोड्याच्या टापांखाली पालथा पडलेला माणूस.

"कधीची लढाई म्हणायची ही?" वडिलांनी विचारलं.

"परसूं की है," चपराशी म्हणाला.

परसूं म्हणजे परवा, एवढं मला कळत होतं. थोरला भाऊ परवाच सिल्लोडला गेला होता, आणि रस्त्यानं हत्यारबंद माणसं फिरतात, असं घरातले दबक्या आवाजात बोलायचे. पालथ्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं. मी वाकून त्याचे पाय बघितले, तर पायांत बूट होते. भावानं जन्मात बूट घातले नव्हते, तरी माझं रडणं थांबेना.

कारण कळल्यावर वडील हसले. "अगं, यांच्या दखनी बोलीत परसूं म्हणजे लई मागं. शंभर वर्षांपूर्वीचंही परसूंच."

मला त्यांच्या हसण्याचा रागच आला. "मग यांच्यात उद्या म्हणजे किती लांब?"

"कल तो कलच है, बेटी," चपराशी रस्त्याकडे बघत म्हणाला, आणि वडिलांकडे वळला, "लड़के को घर बुला लो." वडील उठले आणि भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावू लागले.