वारं फिरलं की टायर बंद

"बिडी किती ओढतेस गं?" आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून चेअरमन बोलला, "बंडलभर तरी आसंल. लिवा, डॉक्टर."

रांगेतले सगळे हसले. डॉक्टरनं लिहिलं. मी जन्मात बिडीला हात लावलेला नाही. ते सांगायला गेले तर खोकल्याची उबळ आली. मग आणखी हसले.

हा आमच्या गावच्या सोसायटीचा चेअरमन. मी ज्याच्या गुऱ्हाळावर जाळ घालायची तो मालकही हाच. शिबिर त्यानं भरवलेलं, मांडव त्याचा, चहा त्याचा. तिथं माझा शब्द कोण धरणार?

नवरा वारल्यावर मुकादम मला ऊसतोडीला नेईना. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. दुष्काळात विहिरी आटलेल्या, रानात काम नाही. राहिलं गुऱ्हाळ. गुळाची काहील उकळते त्या चुलवाणाच्या तोंडाशी खोल खड्डा. त्यात बसून दिवसभर जळण आत सारायचं. एरवी उसाची चिपाडं जळतात. दुष्काळाच्या त्या सालांत पाचट, चिपाडं, सगळं जनावरांच्या छावणीत गेलं. मग माजलगावहून टेम्पो भरभरून जुने टायर आले, फाटक्या चपला आल्या. वर पिवळाधमक गूळ. खाली मी, काळं थुंकत.

टायर कधी घालायचा त्याचा नियम होता. धुराड्याजवळ काठीला फडकं बांधलेलं. फडकं आमच्या वस्तीकडं उडालं की वरून मालकाची हाक, "घाल टायर!" त्याच्या बंगल्याकडं वळलं की, "वारं फिरलं! टायर बंद!" दोन हंगाम मी हे ऐकलं. ऐकलं आणि केलं. माझ्याच वस्तीवर माझ्याच हातानं धूर सोडला. ही लाज मला मेल्याशिवाय सोडायची नाही.

शिबिरानंतर केजच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, फुप्फुसं धुरानं गेलीत. उरलीत तेवढी सांभाळा." दुसऱ्या दिवशी मी परत खड्ड्यात उतरले. जाणार कुठं?

दुपारी टायर पेटलेला होता आणि फडकं वळलं.

"ए बाई! वारं फिरलं. भाईर वढ त्यो टायर!"

हातात लोखंडी आकडा होता. तो तसाच राहिला. या माणसाला माहीत आहे. धूर काय करतो ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग बिडी कशाला लिहायला लावली?

आकडा फेकला. खड्ड्यातून वर यायला पाच पायऱ्या. तिसरीवर बसावं लागलं. वर आले आणि म्हणाले, "काहून वढू, मालक? बिडीचाच तर धूर हाय. जाऊ द्या की बंगल्यात."

या वेळी कुणी हसलं नाही. काळा लोट त्याच्या गच्चीवर गेला.

"उद्यापासून दिसू नगंस हितं," तो म्हणाला.

आता घागर उचलवत नाही. रात्री आडवं पडलं की जीव घुसमटतो. खड्ड्यातून निघाले, खड्डा छातीत राहिला. फुप्फुसं परत मिळायची नाहीत, तेवढं मला कळतं. पण शिबिराच्या त्या कागदावर अजून बिडी आहे. ती मी खोडायला लावणार. तहसीलला अर्ज दिलाय. त्यात टायर लिहिलाय, फडकं लिहिलंय, आणि टायर मी घातले, तेही लिहिलंय. जबाबाला बोलावतील तेव्हा जाईन. दर दहा पावलांवर बसत जाईन, पण जाईन.