मराठी विसरलेली आवृत्ती

जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका फुकट सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मी सोडली आणि तिच्यात मराठी घालायचं विसरलो.

मी काटेवाडीचा. जेवतो, भांडतो, झोपेत बरळतो ते मराठीतच. पत्रं, अर्ज, तक्ते करायचं ते सॉफ्टवेअर. त्याची आवृत्ती कधी सोडायची ते ठरवणाऱ्या चौघांतला मी एक. तारीख मी जाहीर केली होती, पण फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांना. भाषांतरवाल्यांना वेगळं कळवावं लागतं हे मला माहीत होतं. माहीत असून विसरण्यालाच बहुधा अनुभव म्हणतात.

मराठी करणाऱ्या बाई लोणी भापकरच्या, निवृत्त शिक्षिका. कित्येक महिने एकेक ओळ त्यांनी मराठीत आणलेली. इंदापुरात भाजीपाला पिकवणाऱ्या बायकांसाठी त्या संगणकाचा वर्ग सुरू करणार होत्या. पंधरा दिवस उरले होते आणि 'सगळं मराठीत दिसेल' असा शब्द देऊन बसल्या होत्या. त्यांचा फोन आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राहिलं असेल हो चुकून. बायकांना काय सांगू, तेवढं सांगा."

आमचे चुलते आबा पूर्वी कालव्यावर पाटकरी होते. चारीचं, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटाचं, पाणी कुणाला कधी द्यायचं ते बघायचे. माझं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं.

"तारीख ठरवताना आधी कुणाला इचारलंस?"

"मुख्य काम करणाऱ्यांना."

"म्हंजे चारीच्या तोंडावरच्यास्नी. आरं, त्येंचं रान कसंबी भिजतंय. शेवटच्या रानापासनं भिजवत वर यायचं. वरनं सुरू केलं की शेवटचा कोरडा ऱ्हातो, आन् शिव्या पाटकऱ्याला."

दुरुस्तीची आवृत्ती काढायचं ठरलं. या वेळी पहिलं पत्र एकेकट्या माणसानं सांभाळलेल्या भाषांना: तुमचं झालं का, अजून किती दिवस हवेत? एकानं कळवलं, इतक्या वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं. मग मोठ्या गटांकडे वळलो. त्यांतला एक चिडला, एवढ्याशा भाषांसाठी सगळ्यांनी थांबायचं का? मी त्याला चारी, पाळी, पाटकरी सगळं सविस्तर लिहिलं. त्याच्या देशात बारमाही पाऊस, त्याला ओ की ठो कळलं नसणार. पण असं पत्र पुन्हा यायला नको म्हणून तो कबूल झाला.

वर्गाच्या आदल्या दिवशी आवृत्ती निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच इंदापूर गाठून मी ती प्रत्येक संगणकावर चढवली. बायका आल्या, पडद्यावरचं एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवू लागल्या. बाई चष्मा पुसत राहिल्या. मी उगाचच दाराशी रेंगाळलो.

"ह्ये कोण?" एका मावशींनी विचारलं.

बाईंनी ओळख करून दिली. सगळं तयार झालं की ते लोकांपर्यंत सोडायचं काम यांचं. मागच्या खेपेला जरा राहून गेलं, म्हणाल्या.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हंजे समदं तुमी केलं, बाई, आन् ह्यांनी निस्तं बटन दाबायचं हुतं? त्येबी धड जमलं न्हाय व्हय!"