केसरचा नारळ

मुरुडच्या कोळीवाड्यातली केसर कितीतरी वर्षं माझ्या दारात सुके बोंबील घेऊन येते. पाटी उतरवायची, पायरीवर बसून आधी पाणी मागायचं, मग भावावरून भांडायचं. मी कमी करायला सांगितलं की, "वहिनी, तुमी या एक दिवस उन्हात बोंबील टांगाया, मग बोला," हे ठरलेलं.

गेल्या मार्गशीर्षात ती पाटीशिवाय आली. पदर तोंडाशी धरलेला. तिचा एकुलता एक विनेश कोचीला एका बार्जवर इंजिनाचं काम करायचा. इंजिनखोलीत आग लागून तो भाजला होता. नवरा धर्मा होडी घेऊन खोल समुद्रात, फोन लागत नव्हता. विनेशचा सोबती शुभम इस्पितळातून सांगत होता, "काकी, उद्या संध्याकाळच्या आत या. घसा सुजतोय त्याचा. नळी घालावी लागंल, मग बोलता येणार न्हाय."

केसरला हिंदी धड येत नव्हती. मी घरी दोन दिवसांचं सांगून तिच्याबरोबर निघाले.

सकाळी विमानतळावर तपासणीत तिची पिशवी अडली. आतून निघाला शेंडीचा नारळ, कुंकू लावलेला.

"अवो, दर्याला द्यायचाय," ती पहारेकऱ्याला म्हणाली. "त्याच्यावरनंच जाणार ना? खिडकीतनं सोडीन."

पहारेकरी हसला. विमानाची खिडकी उघडत नाही, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. नारळ तिथेच राहिला.

लांबच्या फेरीला निघताना ही माणसं समुद्राला नारळ देतात. आणि अर्ध्या वाटेतून होडी माघारी आली, तर नवा नारळ दिल्याशिवाय त्या दिवशी पुन्हा निघत नाहीत. केसरचा दीर शिवदास एकदा हे हसण्यावारी नेऊन परत निघाला होता. त्याच्या होडीच्या फळ्या तेवढ्या मिळाल्या.

विमानात पट्टा बांधताना ती जरा सैल झाली. बुडताना जाकीट कसं घालायचं ते हवाई सुंदरी दाखवत होती, तर मला कोपर मारून म्हणाली, "आमच्याकडं निघताना कुणी बुडायचं नाव काढलं तर थोबाडीत बसंल."

थोड्या वेळाने विमान थरथरलं. मग घोषणा झाली. इंजिनात बिघाड आहे, आपण मुंबईला परत जात आहोत. मी तिला सांगितलं.

"माघारी?" एवढंच म्हणून तिने माझं मनगट धरलं. खाली समुद्र चमकत होता. उतरेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत होती. "त्यानं मागितला, नि मी दिला न्हाय."

विमान सुखरूप उतरलं. दुपारी दुसरं विमान देणार होते. लोक कर्मचाऱ्यांच्या अंगावर ओरडत होते. केसर उठून उभी राहिली.

"वहिनी, दर्या कुठंशी हाय इथनं? नारळ देऊन येते."

"अगं, बाहेर गेलीस तर पुन्हा सगळी तपासणी. विमान निघून जाईल. आणि हे विमान दुसरं आहे ना?"

"होडी दुसरी, पर माणसं तीच ना? वाट तीच ना?"

"विनेश वाट बघतोय, केसर."

"त्याच्याचसाठी बोलते!" तिचा आवाज फुटला. "मी बुडाले तर बुडाले. पर मी अशीच निघाले आणि दर्यानं माझ्या पोराला मागितलं, तर?"

ती दाराकडे चालू लागली. मी शुभमला फोन लावला. त्याने तो विनेशच्या कानाशी धरला.

"विनू, नारळ राहिला रे," केसर रडायलाच लागली. "सकाळपासनं राहिला."

पलीकडून आवाज आला तो खरवडल्यासारखा. "आये… इथं पण दर्या तोच. शुभम सोडंल. तू ये."

"कुंकू लावाया सांग त्याला. शेंडी काढू नको म्हणावं. नि काठावरनं फेकायचा न्हाय, पाण्यात उतरून सोडायचा, समजलं का?"

त्याला खोकला आला. शुभमने फोन घेतला. "काकी, पुरे आता. जातो मी, सोडतो."

केसरने डोळे पुसले आणि निमूट येऊन रांगेत उभी राहिली.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. शुभम दारातच उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली, पायांना वाळू.

"काकी, नारळ सोडला. तुमी सांगितला तसाच." त्याने पायांची वाळू झटकली. "मी येईपर्यंत नळी घातली होती."

केसर आत गेली. विनेशच्या एकाच हाताला पट्टी नव्हती, तो तिने दोन्ही हातांत घेतला. "आले रे विनू. आले मी." हात गरम होता. श्वास यंत्राचा होता. यंत्र चालू होतं तोवर ती त्याच्याशी बोलत राहिली, वाडीतलं, बाजारातलं, काहीबाही. त्याने डोळे उघडले नाहीत.

धर्माची होडी बंदराला लागली तेव्हा सगळं आटपलं होतं. तो अंगणात बसला, तिच्याकडे न बघता. तसंच विचारलं, "शेवटचं काय बोलला गं तो?"

मी केसरशेजारीच होते. तिने पदर घट्ट ओढून घेतला.

"ये म्हणाला," ती म्हणाली. "मला ये म्हणाला."