पुढचं चाक

आज अंबडच्या स्टँडसमोर जळक्या रबराचा वास आला आन् माझं डोकंच फिरलं. काकांचा नातू मोटारसायकलचं पुढचं चाक उचलून भर रस्त्यावर चालवून राह्यला होता आन् काका मोबाईल धरून ओरडत होते, "शाब्बास! अजून वर घे!"

हेच काका! मी आठवीत होते. कुंभार पिंपळगावच्या भर बाजारात मी पायडलवर जोर दिला, अंग मागं टाकलं आन् हँडल ओढलं. सायकलचं चाक हवेत गेलं, दप्तर पाठीवर आदळलं. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाया कौतुकानं हसल्या. ते हसू मला अजून ऐकू येतं.

तेवढ्यात काकांनी सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "पोरीच्या जातीला शोभतं का हे?" घरी येताच त्यांनी पाना घेऊन पुढचं चाक काढलं आन् माळ्यावर टाकलं. मंग दहावीपर्यंत मी शाळेत पायीच गेले. घरात एकानंही ते चाक खाली काढून दिलं न्हाई.

आज काकांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "बघ, कसा वाघ आहे!"

"बघितलं," मी म्हणाले. "माझं चाक कुठंय, काका?"

त्यांनी नातवावरची नजरसुद्धा हलवली न्हाई. "कुठलं चाक गं?"