डबलनटची हलकी गाडी

डेपोत त्याला सगळे डबलनट म्हणायचे, आणि हे नाव त्याने स्वतः कमावलेलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने बसवलेला एक नट चढावर सैल होऊन पडला आणि बस जागच्या जागी थांबली. अकरा प्रवासी तासभर उन्हात उभे राहिले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कुणी तक्रारही केली नाही. पण याच्या मनाला ते असं काही लागलं की पुढची चौतीस वर्षं त्याने जिथे एक नट पुरतो तिथे दोन लावले. पहिला आवळायचा, त्याच्या डोक्यावर दुसरा चढवायचा, मग पान्याने एक टिचकी मारून आवाज ऐकायचा. स्टोअरकीपर कपाळाला हात लावायचा. ड्रायव्हर मात्र सकाळी गाडी घेताना विचारायचे, "हिला हात कुणाचा लागलाय?" डबलनटचा म्हटलं की निवांतपणे चावी फिरवायचे.

त्या सगळ्या बसगाड्या ताशी साठच्या वर जात नसत. तशी सोयच केलेली असे त्यांच्या इंजिनात, आणि ती सोय तपासून त्यावर सही करणं हे याचंच काम. म्हणजे चौतीस वर्षं ज्या माणसाने गाड्या वेगाने पळणार नाहीत याची काळजी घेतली, त्याच्या कपाटात आतल्या बाजूला मासिकातलं एक पान चिकटवलेलं होतं. पानावर जुन्या काळच्या शर्यतीतली एक मोटार. नाक वर, ढुंगण खाली, मागची चाकं पुढच्यांच्या दुप्पट रुंद, बॉनेट कापून त्यातून वर आलेले हवेचे दोन भोंगे. घराघरांतून दिसणारी साधी मोटार घ्यायची, तिला घरच्या घरी असं रूप द्यायचं आणि सरळ रस्त्यावर चारशे मीटर पळवायची. वळण नाही, काही नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचं.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने घराशेजारच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या मोटारीवरची ताडपत्री काढली.

मोटार सासऱ्यांची. दोन दारांची, जुनी, गोल खांद्यांची. ते गेल्यापासून सात वर्षं जागची हलली नव्हती. परवानगी घ्यायला तो घरात गेला तेव्हा बायको पापडासारख्या पातळ कागदावर शर्टाची कॉलर आखत बसली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात कापणी बघायची. तिथल्या शिवणाऱ्या बायका तिला मास्टर म्हणत, आणि हळूहळू घरीदारीही तेच नाव पडलं होतं. याने बराच वेळ पाल्हाळ लावलं. मासिकाचं पान दाखवलं, एक्सल समजावला. मास्टरने कागदावरून पेन्सिल न उचलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबांच्या गाडीचं काय करायचं ते करा. फक्त उभी नका ठेवू. उभी गाडी त्यांना बघवत नसे."

मग दोन वर्षं पत्र्याखालून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. भंगारातल्या एका रुग्णवाहिकेचं सहा सिलिंडरचं इंजिन मिळालं. त्याच डेपोतून त्याच्या आधी वर्षभर निवृत्त झालेला टर्नर म्हणाला, "झकास. म्हणजे तुला काही झालं तर इंजिनाला रस्ता माहीत आहे." हा टर्नर रोज येई, खुर्ची उलटी टाकून बसे आणि दर अर्ध्या तासाने एक खोड काढी. पण लेथवरचं जे काम लागेल ते तो नाक मुरडत अचूक करून आणी.

पुढचा मूळ सांगाडा काढून त्याजागी छोट्या मालवाहू टेम्पोचा सरळ एक्सल आणि स्प्रिंगचे पाटे बसवले. त्याने गाडीचं नाक वीतभर वर गेलं, जणू कुणी हनुवटीला बोट लावून तोंड वर केलंय. सुटताना सगळा भार मागच्या चाकांवर जावा आणि चाकं जमिनीला घट्ट धरून राहावीत, यासाठी हे सगळं. मागचे मडगार्ड गोल कापून रुंद टायर बसवले. आत माणसाच्या डोक्याभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा केला. आणि हे सारं त्याने आपल्या सवयीप्रमाणे केलं. पिंजरा मजबूत होताच. पण बॅटरी ठेवायच्या तबकालाही त्याने चेसिसचं लोखंड वापरलं. डिकीचं झाकण वाजू नये म्हणून आतून पट्ट्या मारल्या, त्या पट्ट्या वाजू नयेत म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या. आणि नट? नटांची गोष्टच सोडा.

गावाबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या गाड्यावाले जमत. सकाळी प्रत्येक गाडीने एकटीने पळायचं, गाडीमागे तीन संधी. चारशे मीटर अठरा सेकंदांच्या आत गेलं, तर दुपारी जोडीने पळायला मिळे. शेजारी दुसरी गाडी, मध्ये दिवा. जो चालक वेळ गाठेल त्यानेच दुपारी बसायचं, असा नियम. डबलनटला हवी होती ती जोडीची धाव. एकट्याने पळणं म्हणजे चाचणी, आणि चाचण्या त्याने आयुष्यभर केल्या होत्या. एकदा तरी शेजारी कुणीतरी असावं आणि आपण पाय दाबावा, एवढंच त्याचं मागणं.

पहिल्या रविवारी तिन्ही वेळा मिळून सगळ्यात चांगला आकडा आला अठरा पूर्णांक नऊ.

मग त्याने गाडी वजनकाट्यावर नेली. काटेवाल्याने आकडा पाहिला, खाली वाकून गाडीत डोकावला आणि विचारलं, "आत आणखी कोणी बसलंय का?" याच जातीची गाडी, मोठं इंजिन धरूनसुद्धा, साडेबाराशे किलोपर्यंत भरायला हवी होती. ही चालकाशिवाय पंधराशे तीस भरली. टर्नर तिथेच गवतावर बसून पोट धरून हसला. म्हणाला, याने शर्यतीची गाडी नाही केली, चौदा नंबरची बस केली. थांबे तेवढे ठरवायचे राहिलेत.

डबलनट हसला नाही. घरी आल्यावर चार दिवस पत्र्याखाली गेलाही नाही. वजन कमी करायचं हे त्याला कळत होतं. पण हातात ग्राइंडर घेतलं की प्रत्येक पट्टी त्याला विचारायची, माझ्यावाचून काही पडलं तर? शेवटी पाचव्या दिवशी मास्टर कारखान्यातून आल्यावर चहाचा कप घेऊन स्वतःच गाडीपाशी गेली. दार उघडलं, पट्ट्यांवरून हात फिरवला, डिकीत वाकून पाहिलं.

"अहो, तुम्ही अस्तराला अस्तर लावलंय," ती म्हणाली.

"यात माणूस बसणार आहे," तो म्हणाला.

"तेच विचारते. इथला कुठला तुकडा माणसाला धरतोय, तेवढं दाखवा."

त्याने दाखवलं. पिंजरा, स्टिअरिंग, ब्रेक, एक्सल, खुर्चीचे आणि पट्ट्याचे बोल्ट. दाखवून संपलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की फार वेळ लागला नाही. तिने खिशातून कापडावर आखायचा खडू काढला आणि जे दाखवलं त्या प्रत्येकावर बारीक फुली मारली. फुलीला हात लावायचा नाही. बाकी जे उरलं ते तिच्या हिशेबाने चिंधी. कोटाचा खांदा शिवणीवर उभा राहतो, आत कोंबलेल्या कापडावर नाही, हे ती कारखान्यात नव्या पोरींना दिवसातून दहा वेळा सांगायची. आता नवऱ्याला सांगितलं. पत्र्याच्या पट्ट्यांवर तिने वर्तुळं आखली, एका मापाची, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि म्हणाली, "इथे भोकं पाडा. कडा ठेवा, पोट काढा."

महिनाभर दोघं संध्याकाळचा उजेड असेपर्यंत हेच करत होती. तो भोक पाडी, ती पडलेल्या चकत्या टोपलीत गोळा करी. टोपली भरली की वजन करून भिंतीवर आकडा लिही. बॅटरीचं तबक गेलं. आडव्या पट्ट्या गेल्या. मग उभ्याही गेल्या, आणि डिकीचं झाकण काही वाजलं नाही. सगळ्यात कठीण गेले ते नट. फुली नसलेल्या प्रत्येक बोल्टवरचा दुसरा नट काढताना तो आधी इकडेतिकडे बघायचा, जणू डेपो मॅनेजर मागे उभा आहे. एका संध्याकाळी मास्टरने टोपली उपसून मोजले तर नुसते नटच तीनशे बारा निघाले. टर्नरने त्यातला एक उचलून आठवण म्हणून खिशात टाकला. भिंतीवरची बेरीज एकशे अकरा किलो झाली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पहिली धाव झाली. अठरा पूर्णांक चोवीस. दुसऱ्या धावेआधी डबलनटने खिशातल्या चाव्या, चष्म्याचं घर, कमरेचा पट्टा सगळं काढून टर्नरच्या हातात दिलं. अठरा पूर्णांक एकवीस. एकच संधी उरली. हंगामातला हा शेवटचा रविवार होता. पुढचे काही महिने धावपट्टी बंद राहणार होती.

तो गाडीभोवती फिरायला लागला. काय काढू? आरसा? दाराची काच? त्याची बोटं गणित करत होती. दोन दशांश सेकंद म्हणजे साधारण चाळीस किलो. चाळीस किलो आता या गाडीत कुठेच नव्हते.

"आहेत की," टर्नर म्हणाला. "तुझ्या शर्टात आहेत."

टर्नर हसला, कारण दर अर्ध्या तासाला त्याला हसावंच लागे. पण डबलनट थांबला. तो ब्याण्णव किलोचा. मास्टर एक्कावन्नची. तिचा गाडी चालवायचा परवाना याच्या परवान्यापेक्षा सहा वर्षं जुना होता, आणि तो तिने याच मोटारीवर, शेजारी वडील बसलेले असताना काढला होता. घरापासून धावपट्टीपर्यंत गाडी आज तीच घेऊन आली होती, कारण क्लचवर तिचा पाय याच्यापेक्षा हलका होता हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

सगळं जुळत होतं, तिथेच तर पंचाईत होती. तिने वेळ गाठली तर दुपारी जोडीने तीच पळणार. शेजारी गाडी, मध्ये दिवा, पाय दाबायचा, हे सगळं तिचं होणार. तो थोडा वेळ धावपट्टीच्या कडेच्या दगडावर जाऊन बसला. दोन वर्षं त्याने मनात ती धाव रोज केली होती, आणि प्रत्येक वेळी खुर्चीत तोच होता. मग त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं. उन्हात नाक वर करून ती उभी होती. सात वर्षं ताडपत्रीखाली होती, दोन वर्षं पत्र्याखाली. आता पुन्हा काही महिने उभी राहणार, का, तर आपलं वजन जास्त म्हणून.

तो उठला आणि हेल्मेट मास्टरच्या हातात दिलं.

तिने ते हातात फिरवून पाहिलं. "अहो, पण दुपारी मग…"

"माहीत आहे. बस."

ती बसली. पट्टा आवळला. आणि एवढ्यात ज्याची कुणाला कल्पना नव्हती ते झालं. डबलनट पेटीतून मूठभर नट घेऊन आला आणि गाडीखाली शिरायला लागला. तो स्वतः बसणार होता तोवर एक नट त्याला पुरला होता. आता पुरेना. टर्नरने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. म्हणाला, महिनाभर काढलेलं आता परत चढवतोस का, वेळ काय राहिली आहे. डबलनट ऐकेना. पुन्हा गाडीखाली वाकला.

मास्टरने खिडकीतून हात बाहेर काढला. "किती आणलेत?"

"अठरा."

"दोन लावा. कुठे ते तुम्ही ठरवा."

त्याने आत वाकून तिच्या पट्ट्याच्या दोन बोल्टांवर, जिथे आधीच दोन-दोन होते, एकेक तिसरा नट चढवला, पान्याने टिचकी मारली, आवाज ऐकला. बाकीचे सोळा मुठीत घट्ट धरून बाजूला झाला.

पुरा जोर लावलेल्या इंजिनाचा आवाज त्याने आजवर आतूनच ऐकला होता. बाहेरून तो असा येत असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. भोंग्यांनी हवा ओढली, नाक आणखी वर झालं, आणि गाडी गेली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, मध्ये कुठे तुटलं नाही. घड्याळवाल्याने आकडा ओरडून सांगितला, सतरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव. टर्नर एवढ्या मोठ्याने ओरडला की खुर्चीवरून पडला. डबलनटने फक्त विचारलं, "थांबली का नीट?" थांबली होती.

दुपारी तिच्या शेजारी एक निळी गाडी आली, मोठ्या इंजिनाची. हिरवा दिवा लागला तेव्हा मास्टर आधी सुटली. अर्धं अंतर ती पुढे होती, मग निळ्या गाडीने गाठलं आणि शेवटी एका गाडीच्या अंतराने जिंकली. डबलनट ते बघायला थांबला नव्हता. दिवा हिरवा झाल्याबरोबर तो कडेकडेने पळत सुटला होता, ब्याण्णव किलो घेऊन, चारशे मीटर. धापा टाकतच पोचला. मास्टरने हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले आणि चेहरा पंचवीस वर्षांनी लहान.

"हरले हो," ती म्हणाली.

"सुटताना तू पुढे होतीस."

"बघितलंत?"

"आवाजावरून कळलं."

ती म्हणाली, "निळी गाडी शेजारी आली ना, तेव्हा बाबांसारखं कुणीतरी बाजूला बसलंय असं वाटलं. पाय आपोआप दाबला गेला. पुढच्या हंगामात तुम्ही बसा. तुम्हाला कळायला हवं कसं वाटतं ते."

"चाळीस किलो कुठून काढू?"

"काढू. आखून देते मी."

सुटायच्या जागी परत जायचं तर गाडीत दुसरी खुर्चीच नव्हती, ती वजनासाठी केव्हाच काढलेली. म्हणून मास्टरने पहिला गिअर टाकला आणि गाडी माणसाच्या चालीने सोडली. डबलनट खिडकीवर हात ठेवून शेजारून चालत राहिला. दुसरा गिअर इंजिनाच्या किती फेऱ्यांवर टाकलास, निळी गाडी दिसली कधी, डावीकडे ओढत होती का, असं एकेक विचारत होता. ती सगळं सांगत होती, काही गोष्टी दोनदा. टर्नर लांबून हात हलवत होता, लवकर या म्हणून. दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.