दोन पाड्यांचा एक चेंडू

स्लोव्हाकियात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने तिथल्या एका टीचभर शहरातल्या फुटबॉल क्लबच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकाचे फोटो पाठवले आणि खाली विचारलं, "मावशी, आपल्याकडे असतं का गं असं काही?" झालं, माझं डोकं फिरलं. आमच्या घराला रंग द्यायला आलेला रमेश खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा (पाडा म्हणजे डोंगरातली लहान वस्ती). शिडीवर उभा राहून तो सारखा आपल्या गावच्या फुटबॉल क्लबच्या बढाया मारायचा. त्यामुळे शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाशिकहून मोखाड्याची एसटी धरली. लिहितेच आता इतिहास, म्हटलं!

मोखाड्याहून खोडाळ्यापर्यंत जीप. नऊ जणांच्या जागेत चौदा माणसं आणि माझ्या मांडीवर शेजारच्या आजींची कोंबडी. बाहेर पळस पेटला होता, मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. मला मात्र कोंबडीवरून नजर काढायची हिंमत होत नव्हती.

रमेश न्यायला आला होता. "बरं झालं आलात, मॅडम. आज रेफरी तुमीच."

"अरे, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही!"

"इथं सोयरीक नाय ना तुमची? मग झालं तर."

वरचा पाडा आणि खालचा पाडा लग्नांनी इतके गुंतलेले, की गावातला कुठलाही रेफरी कुणाचा तरी मेहुणा किंवा जावई निघतो. म्हणून दरवर्षी कोणीतरी परका पकडायचा. मागे एकदा भांडीवाल्याला पकडलं होतं म्हणे, एकदा सुट्टीवरच्या कंडक्टरला. शिवाय रेफरीने दोन्हीकडे सारखंच जेवायचं, हा नियम. हे मला आधी कोणी सांगायला नको? वरच्या पाड्यावर रमेशच्या आईने सुक्या बोंबलाची अशी काही चटणी वाढली, की मी नागलीच्या (नाचणीच्या) तीन भाकरी हाणल्या. खाली काशीकाकांकडे पोचले तर काकी ताट वाढूनच बसलेल्या. "वर तीन झाल्या, कळलंय आमाला," म्हणत त्यांनी मोजून तीन भाकरी आणि उडदाची आमटी वाढली.

काशीकाका म्हणजे क्लबचे संस्थापक आणि खालच्या पाड्याचे गोलकीपर, वय साठीचं. त्यांच्या भिंतीत गेरूने नुकताच सारवलेला एक कोनाडा होता. आत काहीच नाही.

"देव कुठे गेला, काका?"

"द्येव नाय, चेंडू. सात वर्सं झाली, वरच्या पाड्यावर हाय."

बदली होऊन गेलेल्या एका गुरुजींकडून तो पहिला चेंडू काकांनीच आणला. पोरं वीटभट्टीवर नाहीतर ठाण्याला कामावर. सगळी एकत्र येतात ती शिमग्याला, म्हणून वर्षाला मॅच एकच. जिंकेल त्याच्या घरी चेंडू, बरोबरी झाली तर असेल तिथेच. हरणाऱ्याने हळद-कुंकू लावून त्याची पाठवणी करायची. फाटला की नवा आणायचा, पण नांदतो तिथेच.

"गुडघे गेले माझे," काका म्हणाले. "यंदा शेवटचं खेळतो. शिमग्याला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. माझी येकदा येऊ दे."

मग त्यांनी क्लबची वही दाखवली. रेफरीला दिसलं नाही, तर गोलकीपरने मातीला हात लावून सांगायचं आणि तो शब्द शेवटचा. काकांनी पाच वेळा स्वतःच्याच पाड्याविरुद्ध "झाला" म्हटल्याची नोंद होती. अक्षर त्यांचंच.

कापलेल्या भाताच्या वावरात बांबूचे गोल रोवले होते. सहा भाकरी घेऊन मी दहा पावलं धावले आणि सरळ बांधावर बसले. पोरं एकमेकांवर ओरडत होती, "ए भाई, इधर दे ना!" ठाण्याची हिंदी डोंगर चढून आली होती. खालच्या पाड्याने एक गोल मारला आणि काकींनी ताट बडवलं. शेवटची शिट्टी वाजवायला दोनच मिनिटं उरली असताना मी पाणी प्यायला तोंड वर केलं, आणि नेमका तेव्हाच रमेशने चेंडू हाणला.

"गोल!"

"नाय, नाय!"

धूळ उडालेली, सगळा गाव माझ्याभोवती, आणि मला घंटा काही दिसलं नव्हतं. लाजेने मेले मी. शेवटी विचारलं, "काका, झाला का गोल?"

काका वाकले, मातीला हात लावला. मग चेंडूकडे बघितलं.

"नाय झाला."

रमेशने तोंडावरचा घाम पुसला. "काका बोलला ना? मग नाय झाला." रमेशच्या आईने चेंडूला हळद-कुंकू लावलं, पदराने डोळे टिपले आणि तो काकांच्या हाती दिला.

संध्याकाळी कोनाड्यातला चेंडू बघायला रांग लागली. मी फोटो काढला. काकी गूळ वाटत होत्या. काका मात्र जेवलेच नाहीत.

सकाळी मला जीपपर्यंत सोडायला ते कापडी पिशवी घेऊन निघाले. फाट्यावर आल्यावर मात्र वरच्या वाटेला वळले.

"काका, जीप खाली थांबते ना?"

"तुमची खाली. माझी वर." पिशवीत काहीतरी गोल होतं. "झाला व्हता, बाई. हातभर आत."

"मग आता रमेशला काय सांगणार?"

"त्याला काय सांगायचं? त्यानं पाह्यलं व्हतं सगळं. तरी माझ्या शब्दावर गप बसला." त्यांनी पिशवी छातीशी धरली. "वहीत खोडलंय मी. तुमी पण बरोबर लिवा."

गुडघ्यावर हात ठेवत, थांबत थांबत ते चढत राहिले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पाणी पिण्याची अवदसा मला नेमकी तेव्हाच आठवावी! जीप दोनदा हॉर्न वाजवून गेली, मला दुसरीची वाट बघावी लागली.

घरी येऊन मी भाच्याला फोटो पाठवले आणि इतिहासाचं पहिलं पान लिहून कळवलं: वरचा पाडा एक, खालचा पाडा एक, बरोबरी.

त्याचा लगेच प्रश्न, "मग चेंडू वरच्या पाड्यावरच राहायला हवा ना? फोटोत काकांच्या कोनाड्यात कसा?"

मी लिहिलं, "एका दिवसाच्या माहेरपणाला आला होता."